वरचा रस्ता आणि खालचा रस्ता

प्रिय दादा,

सकाळपासून हा चौथा कागद. आधीच्या तिन्ही कागदांचे तुकडे केराच्या टोपलीत आहेत. मधल्या वेळात मी दोनदा चहा ठेवला, एकदा तो उतू घालवला, ओटा पुसला, खिडकीचे पडदे काढून साबणाच्या पाण्यात भिजत टाकले, आणि आता पडदे नाहीत म्हणून समोरच्या गच्चीवरचे आजोबा थेट माझ्या टेबलाकडे बघतायत. खुर्ची फिरवून बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, अगं भिंगरे, जरा टेक की कुठेतरी. टेकवत नाही रे. बारा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायचं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण गेले सात आठवडे ती बारा मिनिटं मला चालवलेली नाहीत. आईला फोनवर सांगते, काम आहे. आई म्हणते, रविवारी कसलं गं काम? उद्या अकरा वाजता चौकशी समिती तुझं शेवटचं म्हणणं लिहून घेणार आणि त्याखाली तू सही करणार. ती सही झाली की तुझी छत्तीस वर्षांची नोकरी गेली, हे आपल्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कुणी माझ्यासमोर बोलत नाही. मी आले की बोलणं पावसावर वळतं.

मी काय काम करते हे तू मला कधी धड सांगूच दिलं नाहीस. उंटावरून शेळ्या हाकणारी, असं माझं वर्णन तू तुझ्या रस्तादुरुस्तीच्या टोळीतल्या माणसांसमोर करायचास आणि मग स्वतःच सगळ्यांत मोठ्यांदा हसायचास. आज सांगते, आणि आज तू मला मधे थांबवू शकत नाहीस. आपल्या खोऱ्यात त्रेचाळीस वस्त्या आणि त्यांना जोडणारे एकशे अठरा रस्ते. टोळ्या मात्र बारा, आणि पावसाळ्यात एका टोळीला पाचाच्या वर रस्ते सांभाळता येत नाहीत, हे मला तूच शिकवलंस. म्हणजे साठ रस्ते ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. कुठले ठेवायचे ते मला ठरवायचं होतं. अट अशी, की सगळे रस्ते मोकळे असताना दोन वस्त्यांमध्ये जेवढं अंतर पडतं, त्याच्या तिपटीपेक्षा जास्त फेरा कुणालाही पडू नये. आणि खरी मेख पुढे होती. ठेवलेल्या रस्त्यांपैकी कुठलाही एक ऐन पावसात तुटला, तरीसुद्धा ही तिपटीची अट टिकली पाहिजे. कुठला तुटेल ते आधी कळत नाही, म्हणून कुठलाही धरायचा.

याची रीत ऐकायला इतकी साधी आहे की तू म्हणशील, यासाठी एवढं शिकवलं का तुला? सगळे रस्ते आखूडपासून लांबपर्यंत ओळीने मांडायचे. एकेकाला समोर घ्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुला सोडलं, आणि आत्तापर्यंत ठेवलेल्यांपैकी कुठलाही एक मोडला, तरी तुझ्या दोन टोकांची माणसं तिपटीच्या आत एकमेकांपर्यंत पोहोचतील का? पोहोचत असतील तर तू घरी जा. नसतील तर तू राहा. बस. एकशे अठरा वेळा हाच प्रश्न. प्रत्येक वेळी प्रत्येक ठेवलेला रस्ता एकदा मोडून बघायचा. मला त्या दिवसांत झोपेतही रस्ते मोडताना दिसायचे. पण शेवटी आकडा आला अठ्ठावन्न. साठाच्या आत! मी कार्यालयातल्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले होते आणि तू फाटकाशी बुटांचा चिखल खरवडत उभा होतास. तुला काही कळलं नाही, पण तू माझ्या पाठीवर अशी थाप मारलीस की मला ठसका लागला.

इथे उठले होते. पडदे पिळून वाळत घातले. परत बसले.

वरच्या गावाला जाणारे तीन रस्ते. खालचा चौदा किलोमीटरचा, वरचा सोळाचा, आणि खाणीला वळसा घालून जाणारा जुना, पंचवीसचा. माझ्या रीतीने खालचा ठेवला, वरचा ठेवला, आणि खाणीच्या रस्त्याला विचारलं तेव्हा उत्तर आलं, घरी जा. कारण खालचा तुटला तर वरचा आहे आणि वरचा तुटला तर खालचा आहे. कागदावर यात तसूभर चूक नाही. मंगळवारी मी हे सगळं साहेबांपुढे आणि मंडळापुढे मांडणार होते. त्याच्या आधीचा रविवार तुला आठवतो, मला माहीत आहे. आपण जेवायला बसलो होतो. आई वाढत होती, वहिनी गिऱ्हाइकाच्या झग्याला काज करता करता जेवत होती आणि आईची बोलणी खात होती. तू तुझं ताट माझ्या ताटाच्या कडेवर अर्धं चढवलंस आणि म्हणालास, हे बघ, हा वरचा रस्ता, हा खालचा. वरच्याला धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतीला पोट सुटलंय. मी हातोडीने वाजवून आलोय, आतून पोकळ बोलतेय. ती बसली तर कुठे बसेल? खालच्याच्या डोक्यावर. तुझ्या नकाशात हे दोन रस्ते असतील गं, डोंगराला विचारशील तर एकच आहे.

मी हं म्हणाले. तू म्हणालास, पाहणीच्या फॉर्ममध्ये लिहू का, शेऱ्याच्या रकान्यात? आणि मी म्हणाले, लिहू नकोस, मला सांगितलंस ना, झालं. तुला फॉर्म भरायचा जन्माचा कंटाळा. तुला बरंच वाटलं. रकाना कोरा राहिला. दुसऱ्या कुठल्या मुकादमाने आणि दुसऱ्या कुठल्या आखणी करणाऱ्या बाईने असं केलं नसतं. ती दोघं एका पंगतीला बसत नाहीत, त्यांच्यामध्ये कागद असतो.

मंगळवारी तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसलास. माझं संपल्यावर पहिली टाळी तुझी होती, ती जरा लवकरच पडली आणि सगळे मागे वळून बघायला लागले. मला मान वर करता आली नाही. लोकांना वाटलं लाजली.

मग खाणीच्या रस्त्याला अडसर पडला. तू एकदाच विचारलंस, खाणीचा सोडलास? मी म्हणाले, गणितात बसत नाही. तू म्हणालास, तुझं गणित तू जाणे, आणि विषय संपला. तू माझ्यावर विश्वास टाकलास तो असा, खांद्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा. दोन पावसाळ्यांत तिकडे कमरेइतकी झुडपं वाढली, निचऱ्याची मोरी बुजली, एका ठिकाणी रस्ता निम्मा वाहून गेला. तू मात्र त्या पोट सुटलेल्या भिंतीला दर मोसमात टेकू देत राहिलास, दगड बदलत राहिलास. दर वेळी मला येऊन सांगायचास, अजून उभी आहे हो तुझी सासू. मी हसायचे. पाऊस लागला की मला घरात एका खोलीत बसवायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून जिन्यात. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलंही, कुणाची वाट बघताय का?

भिंत बसली ती यंदाच्या पावसात, एका सकाळी. नऊ वाजून वीस मिनिटांनी वरच्या गावातून फोन आला की सुताराचा उजवा हात यंत्राच्या करवतीत गेलाय. रुग्णवाहिका खालच्या रस्त्याने निघाली आणि सहाव्या किलोमीटरला थांबली, कारण पुढे रस्त्याच्या जागी वरचा रस्ता पडलेला होता. खाणीकडे वळवली तर अडसर, झुडपं आणि वाहून गेलेला तो निम्मा. मग पलीकडच्या खोऱ्यातून, चौऱ्याण्णव किलोमीटर. चौदाच्या तिप्पट बेचाळीस, दादा. चौऱ्याण्णव माझ्या कुठल्याच कागदावर नव्हते. पाच तास लागले. डॉक्टर म्हणाले, दोन तासांत आणलं असतं तर हात राहिला असता.

आणि तू चौकशीत पहिल्याच दिवशी उभा राहून सांगितलंस की भिंतीचं मला माहीत होतं, मी वर कळवायला विसरलो. मी तुझ्यापासून तीन खुर्च्यांवर होते. बाहेर आल्यावर तू मला नळाजवळ गाठलंस आणि दबक्या आवाजात म्हणालास, तू तोंडात मिठाची गुळणी धर, तुझ्या कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल, त्यात काय, माझी अशीही थोडीच वर्षं उरलीत. आणि मी गुळणी धरली. सात आठवडे धरली. तुला वाटेल मी रडत बसले असेन. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. इतकं हायसं की मी घरी येऊन पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी तुझा राग आला. तुझ्या या मोठेपणाचा मला लहानपणापासून राग येतो. तू माझ्या वाटची बोलणी खायचास आणि मग मला आयुष्यभर तुझ्यापुढे नीट वागावं लागायचं. बाबा गेल्यावर तू टोळीत लागलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू सतरा. मी कधी तुला सांगितलं होतं का रे, माझ्यासाठी शाळा सोड म्हणून? हे खोडणार नाही. राग आहे तो आहे.

गेल्या रविवारी मी वरच्या गावी गेले होते. तुला माहीत नाही. आता तात्पुरता रस्ता काढलाय, बस हळूहळू जाते. सुताराचं दुकान शोधायला लागलं नाही, लाकडाच्या भुशाचा वास रस्त्यापर्यंत येतो. तो डाव्या हाताने रंधा मारत होता आणि त्याची बायको फळी दाबून धरत होती. मी रस्ते खात्यातली एवढंच सांगितलं. त्याने मला स्टूल पुसून दिलं. म्हणाला, डावखुरा व्हायला शिकतोय, या वयात बालवाडी. मग म्हणाला, तुमचा मुकादम अजून आला नाही आज, दर रविवारी दुपारी येतो, मोठ्या फळ्या धरायला. मला दादा, हे ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, हल्ली तो रविवारी कुठे जातो कळत नाही, आणि मला वाटायचं, माझ्यासारखाच फिरत असेल. सुतार बोलत होता. म्हणाला, बाई, तो म्हणतो मी विसरलो. मला पटत नाही. या दाराची बिजागरी कुरकुरते हे मला त्याने तीन वेळा सांगितलं आणि चौथ्या वेळी स्वतः तेल घेऊन आला. असा माणूस अख्खी भिंत विसरतो होय? तो हे माझ्याकडे बघून म्हणाला नाही, रंध्याकडे बघून म्हणाला. तुझी यायची वेळ झाली होती. मी मागच्या बाजूने निघाले आणि बस सुटेपर्यंत थांब्यावर इकडून तिकडे चालत राहिले.

आता जे लिहायचं आहे ते या चौथ्या कागदावरही टाळत आले. आधीचे तीन इथेच फाडले होते. दादा, गडबडीत राहून गेलं नाही. तू मला वाचवतोयस ते मी विसरले असं धरून. मी विसरले नव्हते. त्या रविवारी जेवण झाल्यावर मी घरी गेले नाही, सरळ कार्यालयात गेले. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि तू म्हणालास तसं करून बघितलं. वरचा आणि खालचा एकदमच मोडतात असं धरलं आणि एकशे अठरा रस्त्यांना पुन्हा पहिल्यापासून विचारलं. संध्याकाळ व्हायच्या आत उत्तर आलं. खाणीच्या रस्त्याने या वेळी घरी जायला नकार दिला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दहांनी. एकोणसत्तर. साठाच्या वर नऊ. म्हणजे मंगळवारी मला मंडळापुढे उभं राहून सांगावं लागलं असतं की बारा टोळ्यांत हे होत नाही, दोन टोळ्या वाढवा, नाहीतर तिपटीची अट सोडा. माझी सुबक आखणी, जिच्यासाठी मी वर्ष घातलं, ती त्यांनी बाजूला ठेवली असती. मी तो आकडा थोडा वेळ बघत बसले. मग ती फाइल पुसून टाकली. स्वतःला म्हणाले, भिंत इतकी वर्षं उभी आहे. जाताना पहारेकऱ्याला किल्ली दिली आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशीसुद्धा केली. तू डोंगर वाजवून मला खरं आणून दिलंस आणि मी ते पुसलं. तुझ्या कोऱ्या रकान्यावर आज सगळे बोट ठेवतात. तो कोरा ठेवायला मी सांगितलं, आणि का सांगितलं तेही आता तुला कळलं. फॉर्म साहेबांकडे गेला असता तर मंगळवार पुढे ढकलला असता. जेवतानाच, तुझं ताट माझ्या ताटावर असतानाच, हे माझ्या डोक्यात आलं होतं.

काल शनिवारी मी साहेबांना हे सगळं लिहून दिलं, सहीनिशी. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि अतिशय मायेने म्हणाले, भावासाठी बहिणीचा जीव तुटणारच, मी समजू शकतो. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. पुरावा नाही. फॉर्म कोरा, फाइल पुसलेली. पहारेकरी निवृत्त होऊन गावी गेला, आणि एका रविवारी मी किल्ली मागितली यावरून काय सिद्ध होतं? वहिनी आणि आई समोर होत्या, पण घरच्या माणसांची साक्ष धरत नाहीत, आणि आईला तर फक्त तू ताटं एकावर एक ठेवलीस याचा राग आठवतो. साहेब म्हणाले, मुकादम स्वतः सांगतोय की मी सांगितलंच नाही, मग आम्ही तुझं ऐकायचं कसं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच दोर घेऊन उभा! म्हणून हे पत्र. समोर येऊन सांगितलं असतं तर तू मला पाणी दिलं असतंस, डोक्यावर हात ठेवला असतास आणि मी पुन्हा गप्प बसले असते. आता थोड्या वेळाने वहिनीच्या दुकानात जाऊन हे तिच्या हातात देणार आहे, म्हणजे जेवायच्या आधी तुला मिळेल. मला माफ कर असं म्हणायला हे लिहीत नाहीये, ते मागायचं तर सुताराकडे जावं लागेल, आणि मी जाणार आहे. तुझ्याकडे दुसरं मागायचं आहे. मला दोषी ठरवू शकेल असा जगात एकच माणूस आहे, तो तू. उद्या ते विचारतील, भिंतीबद्दल कुणाला सांगितलं होतं का? हो म्हण. कुणाला, विचारतील. माझं नाव घे. ती काय म्हणाली, असं विचारलं, तर ‘लिहू नकोस’ म्हणाली हे शब्द जसेच्या तसे सांग. मी समोरच बसलेली असेन. सांगताना माझ्याकडे बघू नकोस दादा, बघितलंस तर तुला जमणार नाही.

तुझीच,
भिंगरी